पिंपळनेरच्या स्टँडवर मी काय म्हणालो

आमचे जावई प्रत्येक लग्नकार्यात, पंगत उठून चार माणसे सुपारी कातरत बसली की, एक गोष्ट सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी, म्हणजे दीपनगरच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षे विद्युत विभागात काढलेला माणूस, पिंपळनेरच्या स्टँडवर भर दुपारी एका जीपवाल्यापुढे हात जोडून म्हणालो, की गाडीतल्या आवाजातले मला काही कळत नाही. एवढे सांगून ते माझ्याकडे वळतात. "काय मामा, खोटं आहे का?" मंडळी हसतात.

हात मी जोडले नव्हते. हे सर्वांत आधी लिहून ठेवतो. वाक्य मात्र माझेच आहे. ते मी का उच्चारले हे जावयांना ठाऊक नाही. माझा मुलगा याच प्रकरणाची दुसरी एक हकीकत सांगतो; ती माझी स्तुती करणारी आहे आणि तीही खोटी आहे. दोन्ही हकिकती माझ्या देखत सांगितल्या जातात. प्रत्यक्ष घडलेले सांगणारा कोणी नाही, म्हणून मीच सांगतो.

माझा मुलगा नोकरीसाठी धुळ्याला राहतो. सूनबाई असोद्याच्या शाळेत शिकवते, त्यामुळे घर जळगावला. शनिवारी तो गाडी घेऊन येतो आणि सोमवारी पहाटे परततो. मागच्या भाद्रपदात त्याने धुळ्यात गाडीला नवा स्टिरिओ बसवून घेतला: समोर स्टिरिओ, ड्रायव्हरच्या सीटखाली आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर, चार दारांत चार स्पीकर. बसवणारी बाई आहे हे त्याने मला सांगितले नव्हते. काम पाहून मला शंका येण्याचे कारणही नव्हते, कारण काम सुबक होते. तारा कुठे लोंबत नव्हत्या, एकही जोड उघडा नव्हता. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा हे माझ्या तोंडून निघाले नाही.

खंडेनवमीला आमच्या विभागात हत्यारांची पूजा होत असे. पूजलेले हत्यार त्या दिवशी रिकामे ठेवायचे नाही, त्याने एखादे लहानसे पण पक्के काम करायचे, असा आमच्या जुन्या फोरमनांचा दंडक होता. निवृत्तीनंतरही मी तो पाळत आलो आहे. त्या दिवशी पक्कड, पाना, मीटर आणि तारेला लग, म्हणजे टोकाची तांब्याची कडी, दाबण्याचे क्रिंपर पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले, झेंडूचे एकेक फूल ठेवले. मुलाने गाडी धुऊन, तिला हार घालून अंगणात उभी केली होती. या वर्षी हत्याराला काय काम द्यावे, अशा विचाराने मी सीटखाली डोकावलो आणि थक्क झालो. स्टिरिओच्या आणि अॅम्प्लिफायरच्या, दोघांच्या अर्थिंगच्या काळ्या तारा एकाच बोल्टखाली आवळल्या होत्या. दोन यंत्रांना मिळून एक बोल्ट!

ज्यांनी वीज केंद्र आतून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे प्रत्येक मोटरला, प्रत्येक पॅनेलला दोन स्वतंत्र अर्थिंग असतात. एक तुटली तरी दुसरीने माणूस वाचावा. एकच अर्थिंग देऊन काम संपवले म्हणणाऱ्याला मी शिडीवरून खाली उतरवले आहे, मग तो कितीही जुना असो. ही माझी विद्या नव्हे, सवय आहे. जेवणापूर्वी हात धुण्यासारखी.

मी हिरवी तार काढली. तांब्याचा लग दाबला, खाली पितळी वॉशर, वर गंज चढू नये म्हणून पेट्रोलियम जेली. तारेचे एक टोक स्टिरिओच्या मागच्या पत्र्याला आणि दुसरे डॅशबोर्डखाली गाडीच्या अंगाला. मेण लावलेल्या दोऱ्याने दर चार बोटांवर गाठ. मीटर लावला, जोड निर्दोष होता. इंजिन सुरू करून पाहिले नाही. का पाहावे? दाराला कडी लावल्यावर कोणी घर हलवून पाहत नाही. हात धुतले आणि पुरणपोळी खायला बसलो. या कामाविषयी कोणाला काही सांगितले नाही, आणि माझ्याही मनात त्याची काम म्हणून नोंद झाली नाही. बाईने अर्धवट सोडलेले मी पुरे केले होते. (बाईने हा शब्द नंतरचा. त्या दिवशी 'कारागिराने' म्हणालो असतो.)

दसऱ्यानंतर मुलगा धुळ्याला गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"आबा, गाडी रडतेय."

"म्हणजे?"

"गाण्याच्या मागे सारखा ऊंऽऽ असा सूर. रेस दिली की तोही चढतो, पाय काढला की उतरतो. गाणं बंद केलं तरी आहेच."

इंजिनावर चालणारे छोटे जनित्र, ज्याला आल्टरनेटर म्हणतात, त्याचा तो सूर. विजेतला खडखडाट चुकीच्या वाटेने स्पीकरपर्यंत पोहोचला की असा ऐकू येतो. हे मी फोनवरच ओळखले आणि मुलाला तसे सांगितले. पुढे हेही सांगितले, की बसवणाऱ्याने अर्थिंगमध्ये आळस केला आहे, मी स्वतः पाहिले आहे. आणि मी एसटीने धुळ्याला निघालो.

दुकान पारोळा रोडच्या बाजूला. आत गेलो तो एका जीपच्या डॅशबोर्डखालून दोन पाय बाहेर आलेले, पायांत चपला नाहीत, पैंजण. मी मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "त्याच आहेत." पाय सरकत बाहेर आले आणि पस्तिशीची एक बाई उठून उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, दातांत इन्सुलेशन टेपचा तुकडा. तिचे वडील ऑटो इलेक्ट्रिशियन. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान ती चालवते. ही माहिती मला नंतर मिळाली. त्या क्षणी मी फक्त पैंजण पाहिले.

मुलाने गाडी सुरू करून आवाज ऐकवला. तिने डोळे मिटून ऐकले, टेप हातात घेतला आणि अहिराणीत विचारले, "मी बसाडं तवय हाऊ आवाज नव्हता. नंतर कोणी हात लावा का, आबा?"

"कोणीही नाही."

"घरना कोणी?"

"घरच्याने कशाला लावावा?"

हे उत्तर देताना माझे मन स्वच्छ होते. आजही देवासमोर शपथ घेऊन तेच सांगेन, आणि हीच गोष्ट मला सर्वांत अधिक हादरवते. मी खोटे बोललो असतो तर निदान मला ते ठाऊक असते.

"मंग मी खोलीसन दखस. तुम्ही बठा, चहा ल्या. अर्धा तास."

"चहा नको," मी म्हणालो. "खोलण्यापूर्वी एवढं कबूल करा, की दोन यंत्रांना एक बोल्ट दिला."

"दिना ना. मुद्दाम दिना." ती माझ्याशी वाद घालत नव्हती, रस्ता सांगावा तशा सुरात बोलत होती. "गाडीमा दोन्हीस्ले एकच जागा द्यानी पडस, आबा."

आणि मी बोललो. दुकानात तिघेचौघे होते, ज्याच्या जीपचे काम चालले होते तो पिंपळनेरचा जीपवालाही होता. तेहतीस वर्षे, दीपनगर, टर्बाइन, सगळे बोललो. शेवटी म्हणालो, "बाईमाणसाच्या हाती वीज दिली की असंच व्हायचं." आवाज मोठा होता. टर्बाइनजवळ उमेदवारी केलेल्यांचा तो मोठाच राहतो.

ती हातातला टेप बोटाला गुंडाळत राहिली. जीपवाला उठला, "ताई, मी येस नंतर, घाई शे माले," म्हणाला, आणि अर्धवट कामाची जीप घेऊन निघून गेला. मुलगा माझा हात धरून म्हणाला, "चला आबा." गाडी घेऊन आम्ही जळगावला आलो. वाटेत मी आमच्या निवृत्त मंडळींच्या मोबाइलवरच्या ग्रुपात लिहिले, की धुळ्यातील अमुक दुकानातून कोणी गाडीचे काम करून घेऊ नये. खाली अंगठ्यांची रांग लागली.

जावयांच्या हकिकतीत या जागी असे येते, की बाईने माझ्यासमोर सीट उचलली आणि मला रंगेहाथ पकडले. तिने सीटला हातही लावला नव्हता. मीच लावू दिला नव्हता. मला कोणीही पकडलेले नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी वही घेऊन अंगणात बसलो. सूनबाई ड्रायव्हरच्या जागी. मी सांगेन तेव्हा तिने रेस द्यायची. पहिल्यांदा अॅम्प्लिफायरला येणाऱ्या गाण्याच्या तारा उपसल्या, आवाज गेला. म्हणजे अॅम्प्लिफायर निर्दोष, स्पीकर निर्दोष. वहीत लिहिले. मग त्या तारांच्या जागी मोबाइल जोडला, गाणे स्वच्छ. म्हणजे दोष पुढे, स्टिरिओकडे. दिवे लावून बॅटरी मोजली, आल्टरनेटर मोजला, दोन्ही ठीक. एकेक संशयित सोडत जायचे, आणि ज्यावर संशय नाही त्यालाही एकदा विचारायचे. तपासाची ही रीत मी कित्येकांना शिकवली आहे. तारा पूर्ववत जोडल्या, सूर परत आला, आणि शेवटी स्टिरिओ बाहेर ओढला. मागे चार तारा आणि पाचवी माझी हिरवी. चारही तपासल्या. पाचवीला विचारण्याचे कारण नव्हते. केवळ रीत म्हणून तिचा नट सैल केला आणि लग उचलला.

सगळे शांत झाले.

मला वाटले इंजिन बंद पडले. "सूनबाई, गाडी बंद झाली का?"

"नाही आबा, चालू आहे. रेस देऊ?"

तिने रेस दिली. इंजिन गरजले, स्पीकरमधून शब्द नाही. मी लग परत टेकवला, ऊंऽऽ. उचलला, शांतता. टेकवला. उचलला. किती वेळा हे केले मला आठवत नाही. सूनबाई खाली उतरून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आबा, काय झालं? पाणी आणू?" मी दाराच्या उंबऱ्यावर बसलो. त्या लगवर माझ्या क्रिंपरचे दोन दात उमटलेले होते, जसे ते शेकडो लगवर मी उमटवले. खाली पितळी वॉशर. दर चार बोटांवर गाठ. एवढे देखणे काम माझ्या नजरेसमोर होते आणि ते पूर्णपणे चुकीचे होते.

गाडीला जमीन नसते. तिचे पत्र्याचे अंगच तिची जमीन, आणि त्या अंगातून आल्टरनेटरचा प्रवाहही वाहत असतो. दोन यंत्रांना दोन ठिकाणी बांधले की त्या दोन ठिकाणांमधला फरक गाण्यात शिरतो. एका बोल्टला बांधले की फरकच उरत नाही. बाईने ते मुद्दाम केले होते आणि तसे मला सांगितलेही होते. जी गोष्ट दीपनगरला माणूस वाचवते तीच इथे दोष होती. पुस्तकी वाटावे इतके हे सोपे आहे. तरी मला कळायला एक सबंध सकाळ लागली, आणि तोपर्यंत एका बाईचे गिऱ्हाईक उठून गेले होते.

एवढ्यात मुलगा बाहेर आला. मी गाणे लावून पाहिले होते, ते स्वच्छ वाजत होते. त्याने माझ्या हातातली तार पाहिली, आणि ती बाईची असावी असे धरून चालला. "वा आबा! काढलात तिचा दोष. मी सांगतोच सगळ्यांना." आणि खरेच त्याने तिथल्या तिथे दोन फोन केले. मी तार मुठीत आवळली. मी गप्प राहिलो. पूर्ण दोन दिवस गप्प राहिलो. हे माझ्या बाजूने लिहिता येण्यासारखे नाही, म्हणून लिहितो. मुलगा आजही सांगतो की आबांनी बाईची चूक शोधली. त्याला मी तीनदा खरे सांगितले आहे, तो म्हणतो, "आबा, तुम्ही तिला सांभाळून घेताय."

तिसऱ्या दिवशी तार खिशात घालून एसटीने धुळ्याला गेलो. दुकानात कोणी नव्हते, म्हणून बाहेरच्या बाकावर बसलो. तिने पाहिले. "ऊनात का परत? आते काय रडी ऱ्हायनं?"

"काही नाही. गिऱ्हाइकं येऊ द्या."

"कसाले?"

"त्या दिवशी चारचौघांत बोललो होतो."

दोन रिक्षावाले आणि एक ट्रॅक्टरवाला येईपर्यंत मी बसून राहिलो. मग उठून, त्याच आवाजात, सांगितले: ही तार माझी आहे, माझ्या हाताने लावलेली, ही काढली आणि गाडी शांत झाली, या बाईंचे काम बरोबर होते, त्या दिवशी मी जे बोललो ते चूक होते आणि हलकेही होते. ट्रॅक्टरवाल्याला काहीच संदर्भ नव्हता. तो घाबरून म्हणाला, "बाबा, माना फक्त हॉर्न वाजत नही."

बाईने तार हातात घेतली. उलटीसुलटी केली, गाठी मोजल्या, लगवर नख फिरवले. "काम झकास शे," ती म्हणाली. "जागा चुकनी." मग, "आबा, तुमनं पावर हाउस मंग कसं चालनं इतला वर्ष?"

रिक्षावाले हसले. मला राग आला. खोटे कशाला सांगू? मी म्हणालो, "दोन अर्थिंगवर चाललं." तीही हसली. मग हसू आवरून म्हणाली, "ह्या तिघं तर येतसच माझ्याकडे. यास्ले सांगीसन काय उपयोग? जो गया तेले सांगा."

जीपवाला परत आला नव्हता. जाताना त्याने दुसऱ्या दोघा ओळखीच्यांनाही तिच्याकडे न जाण्याचे सांगितले होते.

ग्रुपात मी दुरुस्ती लिहिली, की दुकान उत्तम आहे, चूक माझी होती, दुहेरी अर्थिंगने आवाज आला. त्यावर आमच्या एका निवृत्त अभियंत्यांनी लिहिले की दुहेरी अर्थिंग चूक असूच शकत नाही. मग नियमांवर संध्याकाळपर्यंत वाद चालला. दुकानाचा उल्लेख एकानेही केला नाही. पहिल्या संदेशाला लागलेले अंगठे मात्र तसेच राहिले.

म्हणून दुसऱ्या दिवशी साक्रीमार्गे पिंपळनेरला गेलो. जीप स्टँडवरच सापडली. जीपवाल्याने मला लगेच ओळखले. "पावर हाउसवाला आबा! बसा." मी त्याला सारे सांगितले. तो मान हलवत ऐकत राहिला, आणि म्हणाला, "आबा, तुम्ही मनाले लावू नका. बाईकडे काम देतांना मना मनमा तेच व्हतं. तुम्ही फक्त मोठ्यानी बोलनात. मंग माले बरं वाटनं, की जाणता माणूस बी तेच म्हणस."

 तोपर्यंत मला वाटत होते की मी एका माणसाची दिशाभूल केली. मी त्याची दिशाभूल केली नव्हती. त्याच्या मनात जे होते त्यावर माझ्या तेहतीस वर्षांचा शिक्का मारून दिला होता. लग दाबावा तसा.

"मग काम कोणाकडे केलंत?"

"दुसराकडे." त्याने तोंड वाकडे केले आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू होताच स्पीकरमधून तोच सूर निघाला, त्याखाली आणखी एक घोगरा. "आते हाई दखा. तीनदा नेई ऊनू. तो म्हणस गाडी जुनी शे. आबा, तुम्ही सांगा ना, काय व्हयनं?"

मी सीटच्या बाजूने वाकून पाहिले. बॅटरीकडून येणारी जाड लाल तार आणि गाण्याची बारीक तार एकाच पट्टीत करकचून बांधलेल्या होत्या, आणि अॅम्प्लिफायरचा बोल्ट रंग न खरवडता रंगावरच आवळलेला होता. घोगरा आवाज कुठला आणि वरचा सूर कुठला हे मी बोट ठेवून दाखवू शकलो असतो. पक्कड त्याच्या डॅशबोर्डवर पडली होती. पाव तासाचे काम होते. माझा हात पकडीकडे गेलाही.

आजूबाजूला त्याचे चारपाच सोबती जमले होते. पावर हाउसवाल्याने दोष काढला, हे त्यांनी संध्याकाळपर्यंत साक्रीपर्यंत नेले असते.

मी हात मागे घेतला. तो मांडीवर ठेवला. जोडला नाही.

"मला गाडीतल्या आवाजातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"तुमले बी?" तो आश्चर्याने म्हणाला. "पावर हाउसवालाले?"

"मला नाही. त्या बाईंना कळतं. माझी गाडी त्यांनाच कळली होती."

आयुष्यात विजेच्या बाबतीत 'मला कळत नाही' हे मी कोणापुढे म्हटले नव्हते, अधीक्षक अभियंत्यांपुढेही नाही.  सोबत्यांपैकी एकाने "म्हातारा व्हयना आबा" असे म्हटलेले मला ऐकू आले. माझे कान शाबूत आहेत.

जावयांची गोष्ट इथे संपते आणि इथेच लोक हसतात. ती त्यांना मुलाकडून कळली. मुलाला बाईने सांगितली, तो पुढच्या महिन्यात हॉर्नसाठी दुकानात गेला तेव्हा. बाईला कोणी सांगितली? त्या दिवशी स्टँडवर मी, जीपवाला आणि त्याचे सोबती यांच्याखेरीज कोणी नव्हते. म्हणजे जीपवाला तिच्याकडे गेला होता.

म्हणून पंगतीत मी जावयांना अडवत नाही. त्यांनी गोष्ट आणखी दहा लग्नांत सांगावी, दुकानाचा पत्ताही सांगावा. फक्त हात जोडल्याचे तेवढे गाळावे. ते घडलेले नाही.